७२ तास ही डेडलाइन नाही : इमर्जन्सी गोळीबद्दल सगळं, सरळ मराठीत

(हा आपल्या पॉडकास्टच्या एपिसोडचा लेखी मजकूर आहे. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला घरात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी खास. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे ना' थोडे काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

[००:००] सुरुवात

आजचा विषय असा आहे की ज्यावर मेसेज खूप येतात, पण सगळे रात्री बारानंतर येतात आणि त्यातले निम्मे सकाळी डिलीट झालेले असतात. इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी. आय-पिल, अनवॉन्टेड-७२, ज्या नावाने तुम्हाला माहीत असेल ती.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी बी.टेक. केलेली, कोड लिहून पोट भरणारी मुलगी. पण या विषयावर मी एकदा फार आत्मविश्वासाने चुकीचा सल्ला दिलेला आहे. त्यानंतर बसून सगळं नीट वाचलं, डॉक्टरांना विचारलं. ते आज तुमच्यापुढे ठेवते.

[०१:१०] माझी चूक

काही वर्षांपूर्वी हिंजवडीजवळच्या एका पीजीत मी आणि माझी एक मैत्रीण एका खोलीत राहायचो. तिची परवानगी घेऊनच हे सांगतेय, नाव सांगणार नाही. एका शुक्रवारी रात्री ती बॉयफ्रेंडबरोबर होती आणि कंडोम फाटला. शनिवारी सकाळी ती खोलीवर आली, चेहरा उतरलेला. मला म्हणाली, "अगं, ती गोळी असते ना, ती कधीपर्यंत चालते?"

मी फोन काढला, सर्च केलं, पहिल्या ओळीत दिसलं ७२ तास. मी म्हणाले, "७२ तास आहेत ना, म्हणजे सोमवार रात्रीपर्यंत वेळ आहे. टेन्शन घेऊ नकोस, आधी झोप."

ती झोपली. संध्याकाळी खाली मेडिकलमध्ये गेली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "लग्न झालंय का?" ती परत आली. दुसऱ्या मेडिकलमध्ये सांगितलं, "डॉक्टरची चिठ्ठी आणा." तिसऱ्या ठिकाणी रविवारी दुपारी गेली, तर रांगेत आमच्याच बिल्डिंगमधले एक काका उभे. तिने डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी घेतली आणि बाहेर पडली. शेवटी रविवारी रात्री नऊच्या सुमारास बॉयफ्रेंडने दुसऱ्या भागातून गोळी आणून दिली. तोपर्यंत साधारण ४५ तास होऊन गेले होते.

आम्हाला वाटलं, ७२ च्या आत आहोत ना, म्हणजे पास. दहा दिवसांनी तिला थोडं अंगावरून गेलं, दोन दिवस. आम्ही म्हटलं, आली पाळी, सुटलो. पण ती पाळी नव्हती. पुढच्या महिन्याची पाळी आली नाही, टेस्ट केली तर दोन रेघा. आठवा आठवडा चालू होता.

त्यात तिच्याकडून आणि माझ्याकडून काय काय चुकलं, ते एकेक करून सांगते. कारण यातली एकही चूक मूर्खपणाची नव्हती. माहितीच अर्धवट होती.

[०३:४०] गोळी नेमकं करते काय

या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, १.५ मिलिग्राम. काही पाकिटांत ०.७५ च्या दोन गोळ्या असतात, त्या दोन्ही एकदम घेतल्या तरी चालतात. अंदाज यावा म्हणून सांगते, सरकारी माला-एन या रोजच्या गोळीत हेच हार्मोन ०.१५ मिलिग्राम असतं. म्हणजे एका झटक्यात दहापट डोस. म्हणूनच ही 'इमर्जन्सी'ची आहे, रोजची नाही.

आता शरीरात काय चालतं ते बघू. दर महिन्याला बीजांडकोशातून एक स्त्रीबीज बाहेर पडतं. ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. पण शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे संबंध शुक्रवारी आले आणि बीज सोमवारी बाहेर पडलं, तरी गर्भ राहू शकतो. शुक्राणू आत वाट बघत बसलेले असतात.

बीज बाहेर पडायच्या साधारण एक-दीड दिवस आधी मेंदूतून एका हार्मोनची मोठी लाट येते. त्याचं नाव एल.एच. ही लाट म्हणजे बीज सोडायची ऑर्डर. लेव्होनॉरजेस्ट्रेल ही लाट अडवते किंवा पुढे ढकलते. बीज बाहेर पडायला उशीर होतो आणि तोपर्यंत शुक्राणू मरून जातात.

आमच्या भाषेत ही रेस कंडिशन आहे. गोळी आधी पोहोचली तर ऑर्डर थांबते. लाट आधी सुटली तर गोळीचा उपयोग जवळजवळ संपतो. बीज बाहेर पडून गेल्यावर तर ती काहीच करत नाही.

यातून दोन गोष्टी आपोआप कळतात. पहिली, ही गोळी गर्भपात करत नाही. गर्भ रुजला असेल तर तिने तो पडत नाही आणि त्याला इजा झाल्याचंही आढळलेलं नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एफ.डी.ए.ने, डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या अशाच गोळीच्या लेबलमध्ये बदल केला आणि ही बीज बाहेर पडण्याआधी काम करते, हे स्पष्ट केलं.

दुसरी गोष्ट म्हणजे आजच्या एपिसोडचं नाव. ७२ तास ही डेडलाइन नाही.

[०६:०५] तासांचं गणित

आपण इंजिनिअर लोक आणि खरं तर सगळेच परीक्षार्थी, डेडलाइन म्हटलं की शेवटच्या दिवशी सबमिट करतो. सोमवारी रात्री ११:५९ ला अपलोड केलं काय आणि शनिवारी केलं काय, मार्क तेच. इथे तसं नाही. इथे प्रत्येक तासाला मार्क कापले जातात.

जागतिक आरोग्य संघटनेने केलेला एक मोठा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात पहिल्या २४ तासांत गोळी घेतली तर राहू शकणाऱ्या गर्भधारणांपैकी सुमारे ९५ टक्के टळल्या. २५ ते ४८ तासांत घेतली तर ८५ टक्के. आणि ४९ ते ७२ तासांत घेतली तर ५८ टक्के. सगळे '७२ च्या आत'च होते, पण ९५ आणि ५८ यांत किती फरक आहे बघा.

माझ्या मैत्रिणीने शनिवारी सकाळीच घेतली असती तर टळलं असतं का? नक्की सांगता येत नाही. तिची ती लाट शुक्रवारी रात्रीच सुटलेली असू शकते. पण 'झोप, वेळ आहे' या माझ्या सल्ल्याने तिचे चांगले तास गेले, एवढं खरं.

उलट बाजूही सांगते. ७२ तास उलटून गेले म्हणून हातपाय गाळायचे नाहीत. पाच दिवसांपर्यंत, म्हणजे १२० तासांपर्यंत, गोळीचा थोडाफार उपयोग होऊ शकतो, फक्त तो कमी होत जातो. आणि त्या वेळी तिच्याहून चांगला एक पर्याय आहे, जो आपल्याकडे कुणी सांगतच नाही.

[०७:५०] तांबी

हो, तीच. कॉपर-टी. आई-मावशीच्या तोंडून 'दोन मुलांनंतर बसवतात' असं ऐकलेली.

संबंधांनंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती इमर्जन्सी गर्भनिरोधक म्हणून ९९ टक्क्यांहून जास्त परिणामकारक असते. गोळीपेक्षा जास्त. तांब्यामुळे शुक्राणूंचं काम बिघडतं, त्यामुळे बीजाच्या त्या लाटेशी शर्यत लावावी लागत नाही. वजन किती, दुसरी औषधं कुठली, याचाही फरक पडत नाही. शिवाय पुढची कित्येक वर्षं वेगळं काही करावं लागत नाही आणि नको वाटली की काढता येते.

मूल झालेलं नसलं तरी तांबी बसवता येते. सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. अडचण एवढीच की ती डॉक्टरने किंवा प्रशिक्षित नर्सने बसवावी लागते आणि पाच दिवसांच्या आत तिथे पोहोचावं लागतं. ज्यांना उशीर झालाय, ज्यांचं वजन जास्त आहे किंवा ज्यांना खात्रीच हवी आहे, त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन सरळ हाच शब्द वापरावा, "इमर्जन्सी म्हणून कॉपर-टी बसवायची आहे."

[०९:१५] कुठे मिळते, आणि काउंटरवर काय बोलायचं

आता मेडिकलच्या त्या तीन फेऱ्या.

लेव्होनॉरजेस्ट्रेलची इमर्जन्सी गोळी भारतात २००५ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. २००७ मध्ये आय-पिल आली, टीव्हीवर जाहिराती लागल्या आणि नाव घरोघरी गेलं. म्हणजे 'चिठ्ठी आणा' म्हणणाऱ्याचं चुकलं होतं. 'लग्न झालंय का' हा प्रश्न तर कुठल्याच नियमात नाही. उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

काउंटरवर एवढंच बोला: "एक आय-पिल द्या." किंवा "लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्राम." वाटल्यास फोनवर टाइप करून स्क्रीन दाखवा. मी हे खरंच करून बघितलंय, एक शब्दही बोलावा लागत नाही. नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका, पुढच्या दुकानात जा. तुमचे तास भांडणात घालवू नका. तक्रार नंतर करता येते.

किंमत साधारण शंभर रुपयांच्या आसपास असते. पाकिटावर एक्सपायरी बघा, सील बघा. ऑनलाइन औषधांच्या ॲपवरही मिळते, पण ऑर्डर करण्याआधी डिलिव्हरी कधी ते बघा. 'परवा येईल' असेल तर चप्पल घाला आणि चालायला लागा.

गावाकडे असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्ह्याचं सिव्हिल, इथे सरकारी पुरवठ्यातली हीच गोळी असते. 'इझी पिल' असं तिचं नाव. आशाताईंच्या किटमध्येही ती असते. आता तुम्ही म्हणाल, आशाताई तर आईची मैत्रीण आहे, तिला कसं सांगू? मान्य. म्हणून तालुक्याला किंवा कॉलेजच्या गावाला मेडिकल बघणं सोपं पडतं. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक चालतात, तिथे समुपदेशकाशी बोलता येतं.

आणि मुलांनो, हा भाग तुमच्यासाठी. ही गोळी मुलगेही विकत घेऊ शकतात. तिला एकटीला तीन दुकानं फिरायला लावू नका. आमच्या गोष्टीत तो शेवटी गेला आणि अर्ध्या तासात गोळी घेऊन आला, कारण त्याला कुणी काही विचारलंच नाही. तो शनिवारी सकाळीच गेला असता तर? पण आणून देणं हे तुमचं काम, घ्यायची की नाही हे ती ठरवणार. बळजबरी करायची नाही आणि न सांगता तर मुळीच द्यायची नाही.

एक कल्पना सांगते. प्रथमोपचाराच्या डब्यात जशी बँडेजची पट्टी असते, तशी ही गोळी आधीच आणून ठेवता येते. उन्हात, गाडीत ठेवू नका, तारीख बघत राहा. रात्री दोन वाजता मेडिकल शोधावं लागत नाही.

[१२:३०] पाकीट हातात आलं. आता?

पहिलं, पाकिटावरच्या मोठ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेला असतो, तो वाचा. लेव्होनॉरजेस्ट्रेल लिहिलेलं असेल तर बरोबर. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल लिहिलेलं असेल तर थांबा. ते गर्भपाताच्या गोळ्यांचं किट आहे, वेगळं औषध, डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायचंच नाही. बाजारात या दोन प्रकारांची नावं ऐकायला फार जवळची आहेत आणि गडबडीत काउंटरवर भलतंच हातात पडू शकतं. ही अदलाबदल महागात पडते.

दुसरं, पाण्याबरोबर गिळा. उपाशीपोटी घेतली तरी चालते, पण मळमळ होऊ नये म्हणून काहीतरी खाऊन घेतलेलं बरं. जेवणासाठी मात्र तासन् तास थांबू नका.

तिसरं, घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी बाहेर गेली असं समजा आणि दुसरी घ्या. त्यानंतर उलटी झाली तर काळजी नाही.

चौथं, फोनमध्ये नोट करा: संबंध कधी आले, गोळी कधी घेतली. आणि एक रिमाइंडर लावा, संबंधांच्या तारखेपासून २१ दिवसांनंतरचा. का ते पुढे येईल.

[१४:००] हे ज्यांना लागू होतं, त्यांनी नीट ऐका

ही गोळी जवळजवळ सगळ्यांना घेता येते. तिच्यात इस्ट्रोजेन नसतं, त्यामुळे मायग्रेन किंवा बीपीमुळे ज्यांना रोजच्या गोळ्या नको म्हणून सांगितलंय, त्यांनाही चालते. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पण काही औषधं चालू असतील तर तिचा परिणाम कमी होतो.

सगळ्यात महत्त्वाचं, टीबीचं औषध. टीबीच्या उपचारात रिफॅम्पिसिन असतं आणि त्यामुळे यकृत हे हार्मोन भराभर मोडून टाकतं. गोळी पोटात जाते, पण काम करायला पुरेशी उरत नाही. आपल्याकडे टीबीचं औषध चालू असलेली तरुण मुलं-मुली किती आहेत, विचार करा, आणि मेडिकलच्या काउंटरवर हे कुणीही विचारत नाही. फिटच्या औषधांचंही तसंच: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल. एचआयव्हीवरच्या इफाविरेन्झचंही. यातलं काही चालू असेल किंवा महिनाभरापूर्वीपर्यंत चालू होतं, तर डॉक्टरला सांगा. तिथे तांबी हा चांगला पर्याय असतो, नाहीतर डॉक्टर दुप्पट डोस सांगू शकतात. आणि हो, गोळी काम करावी म्हणून टीबीचं औषध मधेच बंद करायचं नाही. अजिबात नाही.

वजन जास्त असेल, विशेषतः बी.एम.आय. तीसच्या वर असेल, तरी या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. घेऊ नका असं नाही. घ्या, पण तांबीचा विचार करा आणि २१ दिवसांनी टेस्ट विसरू नका.

[१५:५०] घेतल्यानंतर शरीर काय करतं

मळमळ, डोकं दुखणं, थकवा, स्तन दुखरे होणं, ओटीपोटात दुखणं, चक्कर. एक-दोन दिवसांत जातं. दहापट डोसचा हिशोब आठवला की आश्चर्य वाटणार नाही.

पाळी आठवडाभर लवकर किंवा आठवडाभर उशिरा येऊ शकते. आणि मधेच डाग पडू शकतात, थोडं अंगावरून जाऊ शकतं. इथेच आमचा दुसरा घोळ झाला. ते डाग म्हणजे पाळी असं आम्ही धरलं. गोळीने पडलेले डाग हे 'गर्भ राहिला नाही' याचं सर्टिफिकेट नाही. तसं काही अंगावरून गेलं नाही, म्हणून गोळी फेल गेली असंही नाही. डागांवरून काहीच कळत नाही. कळतं ते टेस्टवरून.

म्हणून नियम लक्षात ठेवा. पाळी अपेक्षित तारखेपेक्षा आठवडाभराहून जास्त लांबली, किंवा आली पण नेहमीपेक्षा खूपच कमी आली, तर टेस्ट करा. आणि ज्यांची पाळी मुळातच अनियमित आहे, पीसीओएस आहे, त्यांनी संबंधांनंतर २१ दिवसांनी टेस्ट करावी. तोपर्यंत टेस्टवर भरवसा नाही. आपण तिसऱ्या दिवसापासून रोज एक किट फोडतो, ते पैसे वाया.

ओटीपोटात एका बाजूला खूप दुखायला लागलं, चक्कर येऊन पडायला झालं, खूप रक्तस्राव होतोय, तर मात्र इंटरनेट बंद आणि सरळ हॉस्पिटल. क्वचित गर्भ गर्भाशयाच्या बाहेर राहतो, ती जिवावरची गोष्ट असते.

[१७:४०] सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट

गोळी घेतली, आता या महिन्यात सेफ. हा समज फार पसरलेला आहे आणि पूर्ण चुकीचा आहे.

गोळीने बीज रद्द होत नाही, पुढे ढकललं जातं. म्हणजे शुक्रवारच्या संबंधांसाठी घेतलेली गोळी बुधवारच्या संबंधांपासून वाचवत नाही. उलट, पुढे ढकललेलं बीज नेमकं त्याच दिवसांत बाहेर पडू शकतं. म्हणून पुढच्या पाळीपर्यंत कंडोम वापरा. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायच्या असतील तर ही गोळी घेतल्यावर लगेच करता येतात, पण पहिले सात दिवस कंडोम सोबत हवाच.

"वारंवार घेतली तर वांझ होतात का?" हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. नाही. या गोळीने पुढे मूल होण्यावर कायमचा परिणाम होत नाही. एकाच महिन्यात दोनदा गरज पडली तर दोनदा घेतली म्हणून विष होत नाही. पण दर वेळी हीच घेणं हा वाईट सौदा आहे. पाळीचं वेळापत्रक पार कोलमडतं, खर्च जास्त आणि नेहमीच्या साधनांपेक्षा भरवसा कमी. वर्षातून चार-पाचदा लागत असेल तर नेहमीसाठी काहीतरी ठरवायची वेळ आलीय असं समजा. सरकारी दवाखान्यात निरोध, माला-एन, आठवड्याच्या हिशोबाची 'छाया' गोळी, तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन आणि तांबी हे सगळं मोफत आहे.

आणि ही गोळी एचआयव्ही किंवा इतर लैंगिक आजारांपासून वाचवत नाही. ते काम फक्त कंडोमचं. पपई खाणं, उड्या मारणं, लिंबू-सोड्याने धुणं यातल्या कशानेही काहीही होत नाही. शेवटच्याने जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो.

[१९:५०] टेस्ट पॉझिटिव्ह आली तर

माझ्या मैत्रिणीची आली. त्या रात्री आम्हाला वाटलं होतं की आता पोलीस येणार, घरी कळणार, सगळं संपलं. तसं काही झालं नाही, कारण कायदा आम्हाला वाटत होता तसा नाहीये.

भारतात गर्भपात १९७१ च्या कायद्याने, ठरलेल्या अटींमध्ये, कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक साधन अपयशी ठरण्याच्या कारणात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' हे शब्द जाऊन 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वय अठरा पूर्ण असेल तर फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, आईवडिलांची नाही. आणि डॉक्टरने तिची ओळख गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतही अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही.

तिने डॉक्टर बाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी सोनोग्राफी केली, गर्भ गर्भाशयातच आहे ना ते बघितलं, गोळ्या दिल्या, दोन आठवड्यांनी परत तपासलं. ती बरी आहे. पण ते दोन महिने सोपे नव्हते आणि मी ते सोपे होते असं सांगणार नाही.

[२१:३०] संमती नव्हती तर

जे झालं ते मनाविरुद्ध झालं असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. कायद्याने प्रत्येक हॉस्पिटलला, सरकारी असो की खासगी, लैंगिक अत्याचारानंतर तातडीचे उपचार मोफत द्यावे लागतात. आधी एफ.आय.आर. आणा असं सांगून उपचार थांबवता येत नाहीत. इमर्जन्सी गोळी आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं हा त्या उपचारांचा भाग आहे. एचआयव्हीची औषधंही ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी. महिलांसाठी हेल्पलाइन १८१, पोलीस ११२, अठराच्या आतल्यांसाठी १०९८.

अठराच्या आतल्यांसाठी आणखी एक. तुमच्या बाबतीत डॉक्टरवर पोक्सो कायद्यानुसार कळवण्याचं बंधन असतं. गर्भपाताच्या बाबतीत, मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर त्या कळवण्यात मुलीची ओळख उघड करायची गरज नाही, असं २०२२ च्याच निकालात आहे. त्या भीतीने उपचार टाळू नका आणि घरच्या घरी काही प्रयोग तर अजिबात करू नका.

[२२:४०] शेवटचं

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून १९५३ मध्ये वारले तोपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, नोकरी गमावली, अश्लीलतेचे खटले झेलले. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' बघितला नसेल तर बघा. या विषयावर मराठीत मोकळेपणाने बोलायला सुरुवात होऊन शंभर वर्षं झाली, आणि आमच्या खोलीत २४ तास इंटरनेट असूनही एका गोळीला ४५ तास लागले.

तर स्क्रीनशॉट काढायचा असेल तर हा काढा:

एक. लवकरात लवकर. ७२ ची वाट बघायची नाही.
दोन. चिठ्ठी लागत नाही. लग्नाचा संबंध नाही.
तीन. पाकिटावर लेव्होनॉरजेस्ट्रेल वाचा.
चार. टीबी, फिट किंवा एचआयव्हीचं औषध चालू असेल, वजन जास्त असेल, उशीर झाला असेल, तर तांबीबद्दल विचारा.
पाच. डाग म्हणजे पाळी नाही. २१ दिवसांनी टेस्ट.
सहा. पुढच्या पाळीपर्यंत कंडोम.

ही लिंक ग्रुपवर टाकायला अवघड वाटत असेल तर नका टाकू. एखादीने रात्री विचारलं तर तिला तेवढी पाठवा. आणि सोबत 'झोप, वेळ आहे' असं लिहू नका. 'चल, मी येते बरोबर' असं लिहा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.